मागायच्या आधीच दिलेलं पाणी

पुलगाव सोडलं त्या सकाळी सामानाचा टेम्पो पुढे निघून गेला होता. आम्ही जीपमध्ये बसणार, तेवढ्यात माझा सोहम रस्त्यावर आडवा पडून किंचाळायला लागला. निरोप द्यायला अख्खी गल्ली दारात उभी होती. मी त्याला उचललं, मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडावर तळहात दाबला. जीप चौकातून वळेपर्यंत दाबूनच ठेवला. सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही.

सोहम तेव्हा चार वर्षांचा होता आणि एक शब्दही बोलत नव्हता. हसायचा, धावायचा, खेळण्यातल्या गाडीची चाकं फिरवत बसायचा आणि मनाविरुद्ध काही झालं की किंचाळायचा. माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, रायपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना आम्ही तेच कारण सांगितलं. खरं म्हणजे जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही अशा गावी मला जायचं होतं. माझी आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी मूठ घेऊन निघाले होते आणि मुठीत माझं पोर होतं.

रायपूरच्या भनपुरी भागात दोन खोल्या मिळाल्या. दारासमोरून दिवसभर ट्रक जायचे. प्रशांत त्या आवाजाला वैतागायचा, मला मात्र तो बरा वाटायचा. त्यात सोहमचा आवाज बुडून जाईल अशी माझी समजूत होती. शेजारच्या दुलारी भाभींनी एकदा विचारलं, मुन्ना बोलत का नाही? मी म्हटलं, "गला खराब है." सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन भिंतीकडे वळवून धरायची आणि म्हणायची, "झोपलाय, आई." दर वेळी झोपलेल्या नातवाबद्दल त्यांनी पुढे विचारणंच सोडलं. मला हायसं वाटलं. आज ते हायसं वाटणंच सगळ्यात जास्त टोचतं.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सोहमला शहरातल्याच तेलीबांध्याच्या एका केंद्रात पाठवलं. लहान मुलं कशी शिकतात, कोणती सवय कशामुळे लागते, याचा अभ्यास वापरून तिथे मुलांना शिकवतात. तिथल्या पूर्णिमा दीदी माझ्याहून लहान. त्या साबणाचे फुगे उडवायच्या आणि मधेच थांबायच्या. सोहम त्यांच्याकडे बघायचा. त्याच्या तोंडून कसलाही आवाज निघाला की त्याच क्षणी पुढचा फुगा. उशीर नाही, रागावणं नाही. काही आठवड्यांत तो फुग्यासाठी "फू" म्हणायला लागला. घरी मात्र काहीच नाही.

मग एका दुपारी दीदी आमच्या घरी आल्या. कोपऱ्यात बसून नुसत्या बघत राहिल्या. सोहम माठाकडे वळला आणि मी धावत जाऊन पेला भरून त्याच्या हातात दिला. दीदी हळूच म्हणाल्या, "आप बहुत जल्दी करती हैं. मांगने के पहले पानी हाज़िर है, तो वो मांगेगा काहे को?"

"नहीं दूंगी तो चिल्लाएगा."

"चिल्लाएगा. दिक्कत किसको है?"

माझी नजर शेजारच्या भिंतीकडे गेली. त्यांनी समजावून सांगितलं की ज्या वागण्यानं काही पदरात पडतं, ते वागणं टिकतं. तो किंचाळला की मी धावते, म्हणून तो किंचाळतो. आणि मी आधीच पाणी दिलं की किंचाळणं टळतं, माझा जीव भांड्यात पडतो, म्हणून मीही दर वेळी थोडं आणखी आधी देते. "सिर्फ उसको नहीं, आदत आपको भी लगी है," त्या म्हणाल्या. आवाजात दोष नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पोराला शब्दाची गरजच पडू नये अशी व्यवस्था मी केली होती आणि तिला मी माया म्हणत होते.

जाताना त्या म्हणाल्या, "प्यासा नहीं रखना है. बस, एक सांस रुकना है."

ती एक सांस मला जमेना. पेला हातात धरून मी थांबले की सोहम किंचाळायचा आणि माझे कान भिंतीकडे लागायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दार वाजलंच. दुलारी भाभी. घशाचं कारण माझ्या ओठावर आलं होतं, पण सोहम मागे जमिनीवर पडून रडत होता आणि मी पेला तसाच हातात धरून उभी होते. मी म्हटलं, "बोलता नहीं है. सिखा रही हूं."

"हव, जानत हन बहिनी," त्या आपल्या छत्तीसगढीत म्हणाल्या. "रोज सुनाथे."

रोज ऐकू येत होतं. ट्रकच्या आवाजात काहीच बुडालं नव्हतं. त्या आत आल्या, सोहमजवळ खाली बसल्या आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोड खुरमी आणली आणि ती हातात धरून त्याही एक सांस थांबल्या.

शब्द आला तो पावसाळा संपता संपता. सोहम माठापाशी उभा राहिला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "पानी." मी पाणी दिलं, पेला भरताना अर्धं सांडलं. त्याला जवळ घेतलं आणि त्याच वेळी मनात आलं, हिंदीत बोलला. आता तिकडे काय सांगू?

त्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. या वेळी मी फोन वळवला नाही. सोहम मागून आला, माझा पदर ओढला आणि म्हणाला, "पानी." मी घाईनं म्हटलं, "आई, इथे सगळे हिंदी बोलतात ना, म्हणून..."

त्या ऐकतच नव्हत्या. "पानी मागून राहिला माहा पोट्टा," त्या म्हणाल्या. "आता देशीन का त्याले?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सासूबाई जन्मभर 'पानी'च म्हणत आल्या आहेत, माझी आईसुद्धा. शाळेत बाईंनी टोकल्यावर मीच तेवढी 'पाणी' म्हणायला शिकले होते.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. केंद्र, दीदी, झोपलेलं पोर. त्या म्हणाल्या, "मले काहून नाई सांगतलं, संध्या? मी समजून राहिली होती का माह्याच काई बोलन्यानं तुमी गेले."

दोन वर्षं ती म्हातारी बाई आपलं काय चुकलं ते शोधत होती. याचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही. माफी मागितली तर त्या म्हणतात, "जाऊ दे वो." मला ते जाऊ देता येत नाही.

पुढे त्या भनपुरीला येऊन राहिल्या. आता सोहम दहा-बारा शब्द बोलतो. काही हिंदी, काही आपले, एक-दोन दुलारी भाभींचे. तुम्ही विचारता, तिकडे रुळलात का? गावासाठी जीव तुटतो का? तुटतो. पण अजूनही तेलीबांध्याच्या तळ्यावर सोहम ओरडला की मी आधी आजूबाजूच्या माणसांकडे बघते आणि मग त्याच्याकडे. लाज एवढ्यात जाणारी नाही. फक्त भनपुरीच्या या दोन खोल्यांत तो ओरडला की माझी नजर आधी त्याच्याकडे जाते. म्हणून कुणी विचारलं, घर कुठे, तर हल्ली मी हाच पत्ता सांगते. पुलगावात ज्या दिवशी मला असं बघता येईल, त्या दिवशी तेही पुन्हा माझं घर होईल.