दोनदा फासा, कमी आकडा

थांबा, हे आत्ताच सांगायला पायजे. उद्यावर टाकलं तर मी परत हसून सोडून देईन, आणि ते हसून सोडणंच तर बंद करायचंय. टायपिंगच्या चुका काढू नका. आणि मी पोरगीच हाय. कोल्हापुरात पोरीबी ‘आलो-गेलो’च म्हणत्यात, तिथं अडकू नका.

परवाचा रविवार. अद्वैतदादाचा फ्लॅट. काचेचं मोठं टेबल, भोवती आम्ही पाच जण. मी बसणार एवढ्यात दादानं सोफ्यावरची उशी उचलली, माझ्या खुर्चीवर ठेवली, वर दोनदा थापटली.

“बस बारके. आता तुला टेबल दिसेल.”

सगळे हसले. मीबी हसलो.

आणि बसलो त्या उशीवर. बसलो की! कुणी दाबून बसवलं न्हवतं.

उंची चार फूट सात इंच. वय एकोणीस. बीकॉम, दुसरं वर्ष. गडमुडशिंगीवरनं रोज बसनं येतो. वर्गातला ओंकार म्हणाला, “एक नाद खुळा खेळ हाय, येतीस का?” म्हणून चार महिन्यांमागं पहिल्यांदा तिथं गेलतो.

खेळ असा. एक जण गोष्ट सांगणार, तो मास्टर. म्हंजे अद्वैतदादा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कोण जादूगार, कोण चोर, कोण लढवय्या. “मी दार फोडतो,” असं म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला की फुटलं दार. बास. मला तर येडच लागलं. बसमध्ये, आंघोळीला, वर्गात, डोक्यात तेच.

मला पायजे होती उंच बाई. दोन हातांनी धरायची भली मोठी तलवार घेतलेली. पहिल्याच दिवशी सांगितलं मी.

दादा म्हणाला, “तू बुटक्यांच्या जमातीतली घे. सूट होतंय तुला.”

घेतली. मग तलवार तरी मोठी द्या म्हटलं. दिली. पण नियम सांगितला. बारक्या पात्रानं जड हत्यार उचललं की फासा दोनदा टाकायचा आणि त्यातला कमी आकडा धरायचा. अठरा आणि चार आला तर चार. वीस आणि एक आला तर एक.

चार महिने! दर रविवारी दोनदा फासा, कमी आकडा. मी चुकलो की सगळे एका सुरात ओरडायचे, “बारकी चुकली!” ते गाणंच झालतं.

एकदा इचारलं, गोष्टीतल्या गावात लोहार हाय की. तेच्याकडनं माझ्या मापाची तलवार करून घेतो. मग तर दोनदा टाकायला नको?

“पुस्तकात नाही.”

पुस्तक म्हंजे नियमांचं. जाडजूड, इंग्लिश, बाहेरच्या देशातनं तेच्या काकानं पाठवलेलं. दादाच्या मांडीवर असायचं. हात लावू द्यायचा न्हाय. पानं दुमडत्यात म्हणायचा.

मी गप्प बसलो. आता ऐका, मी का गप्प बसायला नको होतं.

मी आठवीपासनं गावातल्या तालमीत मर्दानी खेळ खेळतो. लाठी, दांडपट्टा, समदं. पहिल्या दिवशी मी थोरल्या पोराची लाठी उचलली आणि फिरवता फिरवता स्वतःच्याच कानफटात मारून घेतली. पोरं लोळली हसून. वस्ताद हसले न्हाईत. आले, लाठी माझ्याजवळ उभी धरली, कानाच्या पाळीला नखानं खूण केली आणि करवत मागवली.

“काठी कापायची असती. माणूस न्हाय.”

एवढंच बोलले आणि वरचा तुकडा चुलीत. आमच्यात असंच असतंय. नवीन कोणबी आलं की आधी माप घ्यायचं. माझा पट्टाबी बारका हाय. तेनं मी गावच्या जत्रंत, समद्या गावासमोर, माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापलंय. हाताला ओरखडा न्हाय.

हे समदं मला ठावं होतं. तरी चार महिने त्या टेबलावर मी मान हलवली. का? तर पुस्तकात न्हाय म्हणून. पुस्तक इंग्लिश म्हणून.

तर परवा. गोष्टीत आम्ही एका गडावर अडकलेलो. राक्षस दरवाज्याला धडका देतोय. बाकीच्यांना मागच्या वाटंनं निसटायचंय, कुणीतरी दार धरायला पायजे. मी म्हटलं, मी धरतो. खरंच धरणार हुतो, हसू नका.

फासा टाकला. एकोणीस.

दुसऱ्यांदा टाकला. तीन.

“तीन,” दादा म्हणाला. “राक्षसानं पाय ठेवला. बारकी गेली. आवाजसुद्धा आला नाही.”

टेबल हसायला लागलं. मी हसायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ओंकारची पाळी आली. ओंकारचा चोर. आता बघा, त्यो चोरबी बुटक्यांच्याच जमातीतला. माझ्याएवढाच. हातात दणकट पोलादी आडवं धनुष्य, स्वतःपेक्षा वजनदार. ओंकारनं फासा टाकला. एकदा. सोळा. बाण राक्षसाच्या डोळ्यात. टाळ्या.

एकदा!

चार महिने माझ्या डोळ्यांसमोर त्यो एकदाच टाकत हुता आणि मी बघितलंच न्हवतं.

“दादा, ओंकारचा चोरबी बारकाच हाय की. तेला एकच फासा का?”

“त्याचं वेगळं आहे.”

“काय वेगळं?”

“अगं, खेळ आहे हा. किती मनाला लावून घेतेस.”

“पुस्तक दाखवा.”

“इंग्लिश आहे, बाळा. जड जाईल तुला.”

बाळा. मी उठलो आणि तेच्या मांडीवरनं पुस्तक उचललं. चार महिन्यांत पहिल्यांदा हातात घेतलं. पान शोधायला येळ लागला. मोठ्यानं वाचलं. अडखळत वाचलं, पण वाचलं. नियम खरा हुता. बारकं पात्र, जड हत्यार, दोनदा फासा. खाली जड हत्यारांची यादी. त्या यादीत माझी तलवार. आणि त्याच यादीत ओंकारचं धनुष्य.

मापाच्या हत्याराबद्दल एक ओळ न्हाय. ‘चालतं’ न्हाय आणि ‘चालत न्हाय’बी न्हाय. एवढंच की जे लिहिलेलं न्हाय ते मास्टरनं ठरवावं.

म्हंजे पुस्तकानं मला कधी नको म्हटलंच न्हवतं. दादानं म्हटलं हुतं.

मी ओंकारकडं बघितलं. तेनंच आणलेलं मला. एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं.

“सोड की बारके,” त्यो म्हणाला. फोनमध्ये बघत.

“बारके म्हणायचं न्हाय. नाव हाय मला.”

दादा तोवर सावरला हुता. हसून हात जोडले. “बरं बाई, चुकलं. घे तुझ्या मापाची तलवार. बारकीला जिवंत केलं. खूश?”

खरं सांगू? क्षणभर वाटलं, घ्यावी. चार महिने तेच तर मागत हुतो. पण कसं दिलं बघा. रडणाऱ्या पोराला गोळी देत्यात तसं. उद्या मूड गेला की काढून घेणार. तलवार माझी न्हवतीच, तेच्या मर्जीची हुती.

“नको,” म्हटलं.

“मग काय पाहिजे तुला?”

“चार महिन्यांचे आकडे परत मोजता येत्यात का?”

कोण हसलं न्हाय. पहिल्यांदाच. मी पात्राचा कागद घेतला, चपला घातल्या आणि जिना उतरलो.

कालपासनं ओंकारचे सात मेसेज आलेत. “दादा सॉरी म्हणतोय.” “तुझ्याशिवाय मजा न्हाय.” मजा येत न्हाय म्हणं! कशी येणार, आता हसणार कुणावर?

जाणार न्हाय मी. सॉरीला न्हाय, तलवारीला न्हाय. खेळ सोडणार न्हाय, पण जिथं नियम एकाच्या मांडीवर असतो तिथं आता बसणार न्हाय. खेळात न्हाय, कॉलेजात न्हाय, उद्या नोकरीला लागलो तर तिथंबी न्हाय. आधी इचारणार, कुठं लिहिलंय? दाखव. आणि हा नियम बाकीच्यांनाबी लावलास का? उत्तर आलं न्हाय तर उठणार. आवाज करून उठणार.

तुमच्याबाबतीत झालंय का असं? कुणी नियम सांगितला, पुस्तक दाखवलं न्हाय, आणि समद्यांबरोबर तुम्हीबी हसला? किती दिवस हसला? खरं सांगा.