हायड्रोजनची गाडी आणि तिच्या मागचा ट्रक

नळीत प्रोब खुपसला आणि माझ्या मशीननं चक्क शून्य दाखवलं. प्रोब म्हणजे धूर ओढून घेणारी दांडी. बावीस वर्षं मी नांदेडात पीयूसी काढतो, म्हणजे गाडीचा धूर तपासून कागद देतो. नुसत्या वासावरून टेम्पो लोह्याचा का उमरीचा, हे सांगतो. ही बिनधुराची गाडी बघून वाटलं, आली आपल्या धंद्याची तिरडी.

लातूरच्या शिवलिंगअप्पांनी मला मुद्दाम नांदेडहून बोलावलं होतं. लातूरचे पीयूसीवाले सगळे त्यांचे पाव्हणे, म्हणून त्यांच्यावर भरवसा नाही. हायड्रोजन गाड्यांच्या शोरूमसाठी अप्पा स्वतःची चालती डाळमिल पाडायला निघाले होते. माझा कागद हातात पडला की एजन्सीवर सही.

"नुसतं पाणी निघतं, अप्पा," पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला.

अप्पांनी नळीखाली ओंजळ धरली. "घागर किती किलोमीटरला भरते?"

इंजिनिअरनं डिकी उघडून हायड्रोजन गॅसची टाकी दाखवली.

"बरं, हा गॅस येतो कुठून?"

"पाण्यातूनही काढता येतो. वीज लावून पाणी फोडायचं, हायड्रोजन दाबून टाकीत भरायचा. गाडीत त्याची परत वीज होते, आणि पाणी."

अप्पांनी ओंजळीतलं पाणी झटकलं. "म्हंजे विजेची वीज अन् पाण्याचं पाणी. सायेब, आमी तुरीची डाळ करतो. तुमी डाळीची परत तूर करायलात की."

"आणि भरायचा कुठं?" मी विचारलं.

"इकडं पंप नाही अजून. सध्या ट्रक सोबत असतो."

ट्रक मिलच्या मागं होता. सिलिंडरांनी भरलेला, डिझेलचा, स्टार्टर गेल्यामुळं सकाळपासून चालूच. मी डिझेलचं मशीन लावलं आणि ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. लिंबावर बसलेला बगळा उडाला तेव्हा कावळा झालेला होता.

"ट्रक फेल," मी म्हणालो.

"अहो, तपासायची कार आहे."

"कार पास हाय की. जाऊ द्या तिला एकटीला पुण्याला."

इंजिनिअरनं कारच्या गॅसचा तळाला गेलेला काटा बघितला आणि मान खाली घातली. ट्रक गॅरेजला गेला. शून्य धुराची ती गाडी तीन दिवस तुरीच्या पोत्यांना टेकून बसली. पोती हलवताना हमाल रोज तिला शिव्या घालायचे. चौथ्या दिवशी अप्पांनी सही न करता, पाडायसाठी बंद ठेवलेली मिल परत चालू केली.

आता गाडी कितीही चकचकीत येऊ दे, प्रोब खुपसण्याआधी तिच्या मागं काय उभं आहे, ते मी बघून घेतो.