बॅटरीकाकांचे बारा अंदाज

माझ्या काकांना सगळे बॅटरीकाका म्हणत. ते थिएटरात डोअरकीपर होते. तीस वर्षं अंधारात लोकांना बॅटरीच्या उजेडात खुर्च्या दाखवल्या आणि स्वतः एकही सिनेमा धड पाहिला नाही. आणि हाच माणूस दरवर्षी चित्रपट पुरस्कार कोणाला मिळणार ते आधी सांगायचा! आमच्या साप्ताहिकात त्याची स्पर्धा असते. बारा पुरस्कार, बारा रकाने. आलेले फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे. काकांचे बारापैकी नऊ-दहा बरोबर, हे ठरलेलं. ऑफिसातले लोक माझ्याकडे संशयाने बघायचे, जणू मीच त्यांना निकाल पुरवते. निकाल आधी माझ्या हाती येत असता, तर मी त्या डुगडुगत्या टेबलाशी कशाला बसले असते?

खरी गोम काकू होती. दर रविवारी दुपारचा खेळ ती काकांच्या पासावर पाहायची आणि रात्रीचा स्वयंपाक करता करता त्यांना अख्खा सिनेमा सांगायची. काका ओट्याशी स्टूल टाकून बसायचे. सिनेमाकडे त्यांचं लक्षच नसायचं, काकूकडे असायचं. ती नुसती कपड्यांबद्दल बोलत सुटली, तर वेशभूषा. कुणाला तरी शिव्या घालण्याच्या नादात भाजी करपली, तर सहायक अभिनेता. आणि घरी येऊन ती काहीच बोलली नाही, भांडी घासून जागेवर गेली तरी तोंडातून शब्द नाही, तर काका समजायचे, हा सर्वोत्कृष्ट चित्रपट. तिचं ते गप्प बसणं बावीस वर्षांत दोनदाच चुकलं.

मग काकू विसरायला लागली. आधी डबे, मग घराकडची गल्ली, मग मी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यातून माणूस परत येत नाही. काकांनी मान डोलावली, आणि यंदाची नामांकनं जाहीर झाल्याबरोबर पाचही सिनेमांची तिकिटं काढून आणली.

"काका, पेपरात जाणकारांचे अंदाज येतात. ते उतरवून काढा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"ते जाणकार येतात का माझ्या घरी स्वयंपाक करायला?"

"अहो, पण काकूला आता..."

"निम्मे बरोबर आले ना, तरी मी म्हणेन ती अजून आत आहे. डॉक्टरला काय कळतंय? त्याला तिने कधी सिनेमा सांगितलाय?"

मी चिडले. खरं तर आजारावर चिडायचं, पण आजार कुठे समोर सापडतो? काका सापडले.

दोन बहिणींचा सिनेमा पाहून आल्यावर काकूने गोष्ट सांगितली ती आधी पाहिलेल्या वकिलाच्या सिनेमाची, तीही अर्धीच. काकांनी त्यातूनही पटकथेचा पुरस्कार काढला. चौथा सिनेमा बोटीचा. त्या दिवशी मीही बरोबर गेले होते. घरी आल्यावर काकू स्टुलावर बसली, हात मांडीवर. आता ओट्याशी काका असतात. त्यांनी भात टाकला, भाजी केली, जेवणं झाली, भांडी घासली, पुसली, लावली. काकू गप्प. काकांनी माझं मनगट पकडून मला पॅसेजमध्ये ओढलं.

"बघितलंस? एक शब्द नाही!"

त्यांचा चेहरा उजळला होता. मला दिसत होतं. पूर्वी ती गप्प बसायची ते भरून आल्यामुळे. आता आत काही उरलंच नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं, पण माझी छाती झाली नाही. त्यांनी शेवटच्या, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या रकान्यात बोटीचा सिनेमा लिहिला, ठसठशीत अक्षरात.

सोहळा रविवारी दुपारी टीव्हीवर होता. काका फॉर्मची नक्कल मांडीवर घेऊन बसले. वेशभूषा चुकली. संगीत चुकलं. पटकथाही गेली. काका प्रत्येक वेळी बारीकशी फुली मारत होते आणि काकू प्रत्येक विजेत्यासाठी टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. अकरा पुरस्कार झाले तेव्हा दोन बरोबर होते. बारावा वकिलाच्या सिनेमाला मिळाला.

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे बोटीचा सिनेमा पाहिला त्या दिवशी तिला काही आठवतच नव्हतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

काकूने टाळ्या थांबवल्या आणि काकांकडे वळून, पाहुण्याला विचारावं तसं अदबीने विचारलं, "तुमच्या घरी कोणी सिनेमा बघतं का हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बायको बघायची," ते म्हणाले. "घरी येऊन मला सांगायची."

"अरेरे," काकू म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "गेल्या का?"

काकांनी मांडीवरच्या फॉर्मची घडी घातली.

"हो," ते म्हणाले.