नानांचे मोजे

एकोणऐंशी साली इंग्लंडला शिकायला निघताना देवासच्या बसस्टँडवर मी वाकले, तर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाय चटकन मागे घेतले. "राहू दे गं शशी. इकडे मुली पाया पडत नाहीत."

मला तिथेच खटकलं. माळव्यात मुलींना पाया पडू देत नाहीत, खरं आहे. पण आमचं घराणं धारच्या मराठा दरबारातलं, आणि नाना कट्टर मराठी. आई कुणाला 'भाऊ'ऐवजी तिकडच्यासारखं 'भिया' म्हणाली तरी त्यांच्या कपाळाला आठी. असा माणूस ऐन निरोपाला माळवी झाला? आणि त्या उकाड्यात पायांत मोजे? काहीतरी लपवतायत, नक्की. इंदूर येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच.

इंग्लंडात माझं काम गणिताचं. वर्षानुवर्षं धूर-धूळ खाल्लेली फुप्फुसं आणि त्यांना जोडलेलं हृदय समीकरणांत मांडायचं, मग कॉम्प्युटरला विचारायचं, पुढे काय होईल. नाना सूतगिरणीत, जिथे कापूस पिंजतात त्या खात्यात, खोकला घरचाच. म्हणून तर हा विषय घेतला. त्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "छातीत कसली आलीय बेरीज-वजाबाकी?" म्हणायचे.

मॉडेलमधली फुप्फुसं बिघडवली की दर वेळी शरीराच्या खालच्या भागात पाणी साठायचं. मला वाटलं, कुठेतरी अधिक-उण्याचं चिन्ह चुकलंय. माझ्या तिथल्या प्रोफेसरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, चूक नाही; अशा फुप्फुसांत रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकते, आणि रोग्याचे पाय सुजतात.

मोजे!

देवासला घराशेजारच्यांकडे फोन बुक केला. आईला म्हटलं, "नानांच्या घोट्यावर अंगठा दाबून बघ, खड्डा राहतो का."

आई म्हणाली, "बघायचं काय, तू जायच्या आधीपासून राहतोय. ह्यांनी शपथ घातली होती गं."

म्हणजे हीसुद्धा सामील! संताप आला, रडूही आलं. तेवढ्यात नानांनी फोन घेतला. "तेव्हा पाय पाहिले असतेस, तर गेली असतीस?"

"नसते गेले."

"मग झालं तर," म्हणाले, आणि खोकत राहिले.

आईने त्यांना इंदूरला मोठ्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. गिरणी सुटली, पण फार उशीर झाला होता. नाना गेले.

तुम्ही घर सोडून तिकडे देशातच राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे निघून आलेले, तुम्हालाही घरून 'सगळं मजेत' असंच ऐकू येतं ना? मला घर म्हणजे आता तेच, प्रेमाने धडधडीत खोटं बोलणारं. मी विश्वास ठेवत नाही. परवा आई फोनवर "मी अगदी मजेत" म्हणाली. मी विचारलं, "पाय कसे आहेत?"

"तू आधी तुझं सांग," ती म्हणाली. "आवाज का बसलाय?"