मयताच्या घरचा चहा

ठेचलेल्या आल्याचा वास आला की मला गंगाखेडची तो दिवस आठवतो. माझ्या वडिलांना, अण्णांना, परदेशातली एक खुनाच्या तपासाची मालिका लय आवडायची. संवाद इंग्रजी, म्हणून शेजारी बसून मी मराठीत सांगायचे. तिथं घरात मुडदा पडलेला असायचा आणि घरची बाई तपासाला आलेल्या पोलिसांना चहा द्यायची. अण्णा लगेच बोट दाखवायचे, "मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, आन ही चहा करायलीय. हिनंच मारलं!" दर वेळी चुकायचे, तरी हेका सोडायचे नाहीत. त्या दिवशी दुपारी मालिका बघता बघता छाती चोळत म्हणाले, "दुखायलंय गं. जावं का दवाखान्यात?" मी म्हणाले, "दहाच मिनिटं राहिलीत अण्णा, खुनी तर सापडू द्या." ते हसले आणि थांबले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी घर माणसांनी भरलं, तेव्हा मी सवयीनं आलं ठेचून गॅसवर चहा ठेवला. शेजारच्या काकूंनी हळूच गॅस बंद केला, "आज आपल्या घरी पेटवायचं न्हाई, बाई." मी अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. अजूनही वाटतं, त्या एका वेळी त्यांचा अंदाज चुकला नसता.