पन्नासची लेन्स आणि अक्कांची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात, म्हणून असेल. शिवाय सध्या माझं अगदी बरं चाललंय. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागलीय, पोरगा कॉलेजात रमलाय, गॅलरीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. असं सगळं छान असलं की हेच एक मधे मधे आठवत राहतं.

गोष्ट एका लेन्सची आहे. हसू नका.

नवा डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा मी कितीतरी दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. कॅमेरा एकवेळ कुठलाही चालेल, पहिली लेन्स मात्र विचार करून घ्यावी— एवढं ज्ञान मला झालं होतं. नगरच्या दुकानदाराने अठरा ते एकशेपस्तीसची लेन्स पुढे केली. इकडे फिरवली की अख्खी खोली मावते, तिकडे फिरवली की झाडावरचं पाखरू जवळ येतं. म्हणजे सगळ्याला चालणारी. नवरा लगेच म्हणाला, "हीच घे. संसार मांडताना कुणी आधी गाळणं आणतं का? पातेलं आणतात." त्याला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही— आणि बरोबर तोच होता. पण मी ऐकते होय? मी पन्नासची घेतली. ती मागेपुढे होत नाही. तिच्यातून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. जास्त माणसं हवी असतील तर आपणच मागे सरकायचं. व्हिडिओतला एक दाढीवाला मुलगा म्हणायचा, झूम पायांनी करायचा असतो. हे वाक्य मला फारच आवडलं होतं. शाळेत ऐकवून झालं, आणि घरी तर जेवताना रोज.

आम्ही तेव्हा भिंगारला राहायचो, सासऱ्यांच्या क्वार्टरमध्ये. अण्णा, म्हणजे माझे सासरे, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते निवृत्त झाले आणि क्वार्टर रिकामी करायची वेळ आली. माझा नवरा त्याच घरात रांगला, मी लग्न होऊन तिथेच आले, आमचं पोरगं तिथेच चालायला शिकलं. किल्ली परत करायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावलं. त्या घरात सगळ्यांचा एक फोटो, एवढंच अण्णांनी मागितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल.

आता भिंगारच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. भिंगार म्हणजे लष्कराची छावणी, आमच्या क्वार्टरच्या लाईनीत जागोजागी पाट्या— फोटो काढण्यास मनाई आहे. कुणी घराच्या पायरीवर काढला तर काही आभाळ कोसळत नव्हतं, पण अण्णा नियमाचे पक्के. त्यांच्या लग्नातसुद्धा फोटोसाठी नवरानवरीला आत नेलं होतं म्हणे. तेव्हा कॅमेरा उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हे ठरलेलं. फोटो पुढच्या खोलीतच.

आणि त्या खोलीत अक्का होत्या. अण्णांची थोरली बहीण, सोनईच्या. आई लहानपणीच गेली तेव्हा अण्णांना अक्कांनीच वाढवलं. भावाची शाळा सुटू नये म्हणून स्वतः लोकांच्या रानात कांदा खुरपायला गेल्या. आमच्याकडे फोटोची रांगही अक्काच लावायच्या. उंच माणसं मागे, पोरं पुढे, एकमेकांशी धुसफूस असलेल्या जावा मुद्दाम शेजारी शेजारी. याचा भांग नीट कर, तिचा पदर सारखा कर. सगळं मनासारखं झालं की मग स्वतः लगबगीने जाऊन टोकाला उभ्या. कायम टोकाला.

त्या दिवशीही तसंच. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर निम्मीच माणसं दिसली. मागे सरकले. आणखी सरकले. मग पाठ भिंतीला टेकली. झूम पायांनी करायचा म्हणे— पाय काय भिंतीत घालू? मी सगळ्यांना दाटीवाटीने उभं केलं. तरी उजवं टोक बाहेरच राहिलं. आणि नवरा रांगेतून माझ्याकडे बघत मिशीतल्या मिशीत हसत होता.

'मावत नाही.' एवढंच म्हणायचं होतं. चारजणांना खाली बसवता आलं असतं. दोन फोटो काढता आले असते. टेबलावर माझा मोबाईल पडला होता, त्यात सगळे आरामात मावले असते. हे मला सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं. सगळं सुचलं होतं. पण नवऱ्यासमोर, त्या पातेल्यासमोर, हार मानायची नव्हती.

मी कॅमेऱ्यातून टोकाकडे पाहिलं. अक्का दिसत नव्हत्या. त्यांचा फक्त हात दिसत होता, माझ्या पोराच्या खांद्यावर ठेवलेला. नवऱ्याने विचारलं, "मावले का सगळे?" मी म्हटलं, "मावले." आणि बटण दाबलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

फोटो मोठा करून, फ्रेम लावून नव्या घरात टांगला. सगळे पुन्हा जमले होते. जुन्या क्वार्टरला तोवर दुसऱ्याचे पडदे लागले होते, म्हणजे पुन्हा काढायची सोय नाही. अक्का फोटोसमोर उभ्या राहून एकेकावर बोट ठेवत गेल्या. टोकापर्यंत गेल्या. परत सुरुवातीला आल्या. "आन् मी कुठं हाय गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "अक्का, तुम्ही हललात ना ऐन वेळी! बाजूला सरकलात."

किती पटकन आलं ते तोंडात! जणू तयारच होतं. अक्कांनी काचेवरचं बोट उचललं. मग हसल्या. "व्हय, हालले आसंन. मला मेलीला एका जागी उभं ऱ्हावतंय व्हय?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी ते खरं मानलं हो. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, अक्का रांग लावतात आणि कॅमेऱ्याच्या मागे येऊन उभ्या राहतात, बायकांच्या पर्सेस सांभाळत. बोलावलं तर म्हणतात, "मला नगं बाई, मी हालते. समद्यांचा फोटू नासंन." स्वतःच्या नातीच्या लग्नातही तेच. 'अक्का हलतात' हा आता आमच्या घरातला विनोद झालाय. पोरंसोरंही करतात.

पुढच्या दिवाळीत मी ती अठरा ते एकशेपस्तीस घेतलीच. नवऱ्याला म्हटलं, "आणलं बाबा तुझं पातेलं." तो इतका खूश झाला की पेढे घेऊन आला. चूक मान्य करायला मोठं मन लागतं, असं सासूबाई माझ्याबद्दल चारचौघांत म्हणाल्या. मी पेढा खाल्ला. ती चूक मी आजही हसत हसत सगळ्यांना सांगते. तीच सांगते.

लेन्स मात्र झकास आहे. कॅमेऱ्यावरून उतरतच नाही. हुरड्याच्या दिवसांत रानात जावं, भिंगारच्या बाजारात उगाच हिंडावं— माझे सुट्टीचे दिवस तिने फार गोड केलेत, हे खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात मी सोनईला गेले होते. अक्का आता थकल्यात. खूप आग्रह केला तेव्हा ओट्यावर एकट्या बसल्या फोटोला. दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली, श्वास रोखला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत रोखला. मी काढून झालं म्हटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "न्हाई ना हालले?"

"नाही अक्का. अजिबात नाही."

केवढ्या हरखल्या! मला जवळ बसवून गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा. घरात आम्ही दोघीच होतो. बोलायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी भाकरी खाल्ली, आणखी एक घेतली, आणि निघाले.

तो जुना फोटो आमच्या हॉलमध्येच आहे. उजवी बाजू मला कापता आली नाही, माझं पोरगं कापलं गेलं असतं. त्यामुळे त्याच्या खांद्यावर तो हात तसाच आहे. मनगटावरचं गोंदण ठिपका न् ठिपका दिसतं. हललेला हात फोटोत पुसट येतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अक्का घरी आल्या की पदराने त्या फोटोची काच पुसतात. मी शेजारी उभी असते. अक्का हलल्या नव्हत्या. मी त्यांना बाहेर ठेवलं होतं.