अर्जाला कुंकू

देवळाली प्रवरात नोकरीचा अर्ज लिहायचा म्हणजे रंगनाथ गुरुजींच्या ओट्यावर जायचं, हे ठरलेलंच होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींना हाच नाद लागला होता. अर्ज फुकट, पण बोलणी खावी लागायची. कागदावर एवढासा डाग दिसला तरी त्यांचं डोकं फिरायचं.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांनी बनुबाईच्या लेकीचा, मुक्ताचा, शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज लिहिला. सहीसाठी तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी बनुबाई घेऊन आली, तर चारी कोपऱ्यांना हळदकुंकू!

"ही काय लग्नपत्रिका आहे का, बाई?" गुरुजी कडाडले.

"पत्रिकेला लावलंच हुतं की, गुर्जी," बनुबाई शांतपणे म्हणाली. "दोन वर्सांत पोर माघारी आली. ह्यो कागुद मला त्यापरीस शुभ वाटला."

गुरुजींनी कोरा कागद घेतला, अख्खा अर्ज पहिल्यापासून उतरवला आणि मुक्ताच्या सहीला जागा सोडली. मग शाईची दौत बनुबाईपुढं सरकवली.

"कागदाला नको, हिला लावा," ते म्हणाले. "अजून लई पोरींचे अर्ज लिहायचेत."